खिळा आणि मळसूत्र

इ. स. १७९५ च्या मार्च महिन्याच्या ११ तारखेस खर्ड्याच्या मैदानावर मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला, ही गोष्ट महाराष्ट्रांत शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असते. खर्ड्याचें रणक्षेत्र आज जामखेड तालुक्यांत मोडतें आणि त्या तालुक्याच्या शेजारीं पश्चिमेस कर्जत तालुका लागतो. मुंबईहून पुण्याला येतांना घाटाच्या पायथ्याशीं लागणारें कर्जत निराळें. हें कर्जत नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडलें, सीना आणि भीमा ह्या दोन नद्यांमधल्या कमी पावसाच्या मुलखांतलें होय. ह्या जिल्ह्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे. आतां गंमत अशी कीं, ज्या वर्षीं खर्ड्यास तलवारी उपसल्या गेल्या त्याच वर्षीं बर्लिन शहरांत मार्टिन क्लाप्रोट नामक रसायनशास्त्रज्ञ एका खनिजाची परीक्षा करीत बसला होता. त्या खनिजांत दडलेल्या नव्या धातूस ग्रीक पुराणांतील टायटन नांवाच्या बलाढ्य दैत्यांवरून त्यानें टायटॅनियम असें नांव दिलें.

ह्या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध कांहींएक नाहीं. परंतु काळाची गति अशी विलक्षण कीं, आज त्याच कर्जतच्या बाजारपेठेंत राहणारा एखादा तरुण मनांत आणील तर आपल्या खिशांतल्या चाकूचे मूळचे पोलादी स्क्रू काढून त्यांच्या जागीं टायटॅनियमचे निळे, जांभळे अथवा सोनेरी स्क्रू बसवूं शकतो. तांदळाच्या दाण्याहून फार मोठे नसलेले हे स्क्रू टपालानें घरपोच येतात. पश्चिमेकडील देशांत ह्या उद्योगाचा छंद पुष्कळांस आहे आणि आपल्याकडेही तो हळूहळू येत आहे. घरांतील वडील मंडळी हें पाहून विचारतात, "अरे, स्क्रूला रंग दिल्यानें कांदा लवकर चिरला जातो काय?" प्रश्न रास्त आहे. स्क्रूच्या रंगानें धारेंत तिळभरही फरक पडत नाहीं. मग ह्या कृतीस निव्वळ चैन म्हणावें, कीं तिच्यांत कांहीं जुनें आणि आपलें असें आहे, ह्याचा शोध घेण्याचें आम्हीं ह्या लेखांत योजिलें आहे.

प्रथम तलवारीकडे पाहूं. सरळ आणि लांब पात्याच्या ज्या तलवारीस मराठे फिरंग म्हणत तिचें नांवच तिचें मूळ सांगतें. पोर्तुगीज १४९८ मध्यें कालिकतच्या किनाऱ्यास लागले आणि १५१० मध्यें त्यांनीं गोवें घेतलें. त्यांच्या मागोमाग युरोपांत घडलेलीं पातीं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येऊं लागलीं. आपल्या लोकांस तीं पातीं आवडलीं. मात्र त्यांच्या मुठी सोयीच्या वाटल्या नाहींत. म्हणून पातें ठेवून मूठ काढून टाकण्यांत आली आणि तिच्या जागीं देशी कारागिराची मूठ बसली. ही मूठ पंजा झांकणारी असे व तिच्या टोकाशीं एक दांडी पुढें आलेली असे; प्रसंगीं दुसरा हात त्या दांडीवर ठेवून दुहाती वार करतां येई. मुठीपासून पात्याच्या दोन्ही अंगांवर लोखंडी पट्ट्या उतरवून त्या खिळ्यांनीं पात्याशीं जखडीत. ज्याची ऐपत असे तो त्या मुठीवर सोन्याचांदीची तार ठोकवून वेलबुट्टी काढवी. कट्यारींचेंही तसेंच. विलायती तलवारीचें पातें आंखूड करून तें देशी कट्यारीच्या मुठीस खिळ्यांनीं जोडल्याचीं उदाहरणें संग्रहालयांतून पाहावयास मिळतात.

ह्याचें एक प्रसिद्ध उदाहरण द्यावयाचें तर कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज ह्यांनीं १८७५-७६ च्या दौऱ्यांत प्रिन्स ऑफ वेल्स ह्यास दिलेली 'जगदंबा' तलवार होय. ती आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहांत आहे. तिचें पातें युरोपीय घडणीचें, मूठ हिंदुस्थानी, आणि नांव तर आपल्या कुलदेवतेचें! परक्या देशांत घडलेली वस्तु आपली कशी होते, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल. पातें बदलणें शक्य नव्हतें, कारण त्यासाठींच तर पैसे मोजलेले. बदलण्याजोगी होती ती मूठ, पट्टी आणि खिळे. हातास जें लागतें आणि डोळ्यांस जें दिसतें तें बदललें कीं मनानें ती वस्तु आपली म्हटली. फिरंगीची मूठ बदलणाऱ्या शिलेदारास कोणी हौशी म्हणून हंसल्याचें ऐकिवांत नाहीं. मुठीचा उपयोग खराच होता. पण तिच्यावरील सोन्याच्या तारेनें शत्रूचें डोकें अधिक सुलभपणें उडत नसे, हेंही तितकेंच खरें.

पुढें १८७८ च्या शस्त्रकायद्यानें परवान्यावांचून तलवार बाळगण्यास बंदी झाली. घरोघरच्या तलवारी गेल्या, गंजल्या किंवा देव्हाऱ्याजवळच्या भिंतीवर टांगल्या गेल्या. उरलीं तीं घरगुती हत्यारें: स्वयंपाकघरांतली विळी, पानाच्या तबकांतला अडकित्ता, आणि कुलकर्ण्याच्या दप्तरांतला बोरू तासण्याचा चाकू. मोडी लिहिणारास बोरूचें टोंक वरचेवर तासावें लागे, म्हणून हा लहानसा चाकू दौतीच्या शेजारींच असावयाचा. इंग्रजांच्या देशांत पिसाची लेखणी तासण्यासाठीं जो लहान चाकू निघाला त्याचा वंशहि हाच. खिशांतल्या चाकूस इंग्रजींत अद्याप लेखणीचा चाकू म्हणतात तें ह्यामुळेंच.

अडकित्ता हा तर खिशांतल्या चाकूचा सख्खा भाऊ म्हटला पाहिजे. दोन बाहू, एक धार आणि त्या दोहोंस जोडणारा एक खिळा; सारें यंत्र काय तें एवढेंच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जे अडकित्ते ठेविले आहेत ते पाहिले म्हणजे कारागिराची कल्पकता कोठवर जाऊं शकते हें दिसून येतें. कोठें पक्षी, कोठें घोडा, कोठें स्त्रीपुरुषांची जोडी. सुपारी फोडण्यास ह्यांपैकीं कशाचीच गरज नाहीं. तरीही आमच्या आजोबांच्या पिढीस साधा अडकित्ता घरांत असतांना नक्षीचा अडकित्ता हवासा वाटे, आणि त्यास कोणी चैनी म्हणत नसे.

आतां ज्या खिळ्यानें हीं हत्यारें जोडलेलीं असत त्याकडे वळूं. ह्या जोडाची रीत अशी: पात्यांतून आणि मुठीच्या दोन्ही बाजूंतून आरपार भोंक पाडावयाचें, त्यांत लोखंडाचा किंवा पितळेचा तुकडा घालावयाचा, आणि दोन्ही बाजूंस बाहेर आलेलीं त्याचीं टोंकें हातोडीनें चेपून पसरट करावयाचीं. हा जोड बळकट व स्वस्त, आणि बसवितांना कारागिराचा हात चांगला असेल तर वर्षानुवर्षें ढिला न होणारा. त्यांत उणेपणा एकच. तो पुन्हां उघडतां येत नाहीं. उघडावयाचा तर खिळ्याचें डोकें कानशीनें घासून तो मोडावाच लागतो. म्हणजे खिळा हा कारागिराचा शेवटचा शब्द झाला. त्यापुढें मालकास बोलण्यास जागा नाहीं.

परंतु कर्जतसारख्या मुलखांत हा शेवटचा शब्द खरोखर शेवटचा नव्हता, आणि त्याचें कारण घिसाडी. हे फिरस्ते लोहार आपलें मूळ गुजरात-राजस्थानाकडचें सांगतात. ते बिऱ्हाड घेऊन गांवोगांव हिंडत आणि सुगीच्या किंवा पेरणीच्या सुमारास गांवाबाहेर पाल ठोकून भाता पेटवीत. पुरुष सांडशीनें तापलें लोखंड धरी आणि बायको घण मारी. हें दृश्य नगर जिल्ह्यांतील वडीलधाऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढें अद्याप असेल. ज्वारीच्या ह्या कोरडवाहू मुलखांत शेतकऱ्याची भिस्त विळा, खुरपें, कुऱ्हाड आणि नांगराचा फाळ ह्यांवर. त्यांपैकीं कशाचा खिळा ढिला झाला कीं घिसाडी तो घासून काढी, नवा घाली, आणि बदल्यांत पायलीदोन पायली धान्य घेऊन पुढच्या गांवीं जाई. तात्पर्य, खिळा बंद होता तरी तो उघडणारा माणूस हांकेच्या अंतरावर होता.

कारखान्यांतून घडलेला चाकू आला तेव्हां ही घडी विस्कटली. इंग्लंडांतील शेफील्ड हें चाकू-सुऱ्यांचें माहेरघर. तेथील कारागिरांचा संघ १६२४ मध्यें स्थापन झालेला. एकोणिसाव्या शतकांत तेथले मिटते चाकू हिंदुस्थानच्या बाजारांत विपुल येऊं लागले. पातें उत्तम, बनावट सुबक, आणि खिळे इतके सफाईदार घासलेले कीं डोळ्यांस दिसूं नयेत. पण असा चाकू ढिला झाला तर दुरुस्तीस देणार कोठें? शेफील्डचा कारागीर सात समुद्रांपलीकडे, आणि घिसाड्यास हें नाजूक काम नवखें. मग चाकू ढिला झाला कीं तो टाकावा आणि नवा घ्यावा, ही संवय जडली. वस्तु तीच, खिळाही तोच. पण आतां तो खऱ्या अर्थानें बंद झाला.

ह्या बंद जोडास उघडें करण्याचें श्रेय मळसूत्रास आहे. स्क्रूला आपल्या जुन्या भाषेंत मळसूत्र हा शब्द आहे. मळसूत्र प्राचीन खरें. परंतु हातानें कापलेलें प्रत्येक मळसूत्र निराळें असे आणि एकाचें दुसऱ्याच्या भोंकांत बसत नसे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे खर्ड्याच्या लढाईच्याच सुमारास, हेन्री मॉड्स्ले ह्यानें लंडनमध्यें सारख्या आट्यांचे स्क्रू कापणारें यंत्र सिद्ध केलें. त्याच्याच कारखान्यांत शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थनें १८४१ मध्यें आट्यांचा कोन आणि त्यांमधील अंतर ह्यांचें एक प्रमाण सुचविलें. एका ठिकाणचा स्क्रू दुसऱ्या ठिकाणच्या भोंकांत बसूं लागला तो असल्या प्रमाणांमुळें. आपल्याकडे असलीं प्रमाणें ठरविणारी भारतीय मानक संस्था १९४७ च्या आरंभीं स्थापन झाली. कर्जतच्या तरुणास आज घरीं बसून चाकूचा स्क्रू बदलतां येतो ह्यामागें असें दोनशें वर्षांचें काम उभें आहे.

चाकूंत हा स्क्रू बराच उशिरां शिरला. सहा पाकळ्यांच्या खांचेचा टॉर्क्स नांवाचा स्क्रू अमेरिकेंत १९६७ मध्यें निघाला. त्याची खांच सहसा झिजत नाहीं व पेचकस तीतून निसटत नाहीं, म्हणून तो लहान कामास सोयीचा ठरला. मायकेल वॉकर ह्या अमेरिकन कारागिरानें १९८० च्या सुमारास मुठीच्या आंतल्या पट्टीचाच खटका करून पातें उघडें अडवून धरण्याची युक्ति रूढ केली आणि त्या पट्टीसाठीं टायटॅनियम वापरलें. असे चाकू स्क्रूंनीं जोडूं लागले. पात्याच्या आंसाचा स्क्रू थोडा आंवळला कीं पातें घट्ट होतें, थोडा सैल केला कीं अलगद उघडतें. चाकू साफ करावयाचा असेल तर तो सुटा करून पुन्हां जोडतां येतो. घिसाडी जें काम गांवाबाहेर बसून करी त्यापैकीं कांहीं काम आतां मालकाच्या हातीं आलें.

राहतां राहिला रंग. ह्याची हकीगत आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटते. टायटॅनियमचा पहिला सुगावा क्लाप्रोटच्याही आधीं, १७९१ मध्यें, इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतांतील विल्यम ग्रेगर ह्या पाद्र्यास ओढ्याच्या काळ्या वाळूंत लागला होता. तसलीच काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे आणि केरळांत तर विपुल आहे. परंतु वाळूंतून शुद्ध धातु काढणें महाकठीण. मॅथ्यू हंटर ह्यानें तो १९१० मध्यें काढला आणि विल्हेल्म क्रोल ह्यानें १९४० पर्यंत त्याची व्यवहारोपयोगी रीत बसविली. आपल्या देशांत केरळांतील चवरा येथें टायटॅनियमचा सच्छिद्र कच्चा धातु काढणारा कारखाना २०११ मध्यें सुरू झाला. वजनानें हा धातु पोलादाच्या निम्म्याहून थोडा अधिक भरतो, आणि घामानें किंवा खाऱ्या पाण्यानेंही गंजत नाहीं.

त्याच्या रंगास मात्र रंगच लागत नाहीं! स्क्रू एका साध्या क्षारयुक्त पाण्यांत बुडवून त्यांतून विजेचा प्रवाह सोडतात. तेणेंकरून धातूवर त्याच्याच भस्माचा एक पारदर्शक पापुद्रा चढतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. ह्या पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, कांहीं रंग मावळतात, कांहीं उजळतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ते ह्याच नियमानें. विजेचा दाब सुमारें १५ व्होल्ट असेल तर तांबूस सोनेरी छटा येते. ३० च्या आसपास निळी, ६० च्या आसपास पिवळी, ७५ च्या सुमारास गुलाबी-जांभळी, आणि १०० च्या जवळ हिरवट. म्हणजे रंग पाहून जाणत्यास दाब किती दिला तें सांगतां यावें.

हें वाचून वाचकांस नवल वाटेल; पण लोहारकामांत ही विद्या फार जुनी आहे. हत्याराच्या धारेस पाणी दिल्यावर तें पोलाद कांचेसारखें ठिसूळ होतें. तो ठिसूळपणा काढण्यासाठीं तें घासून चकचकीत करून पुन्हां बेताचें तापवावें लागतें. तापतांना त्यावर प्रथम वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या जवळ निळा. हाही भस्माच्या पातळ पापुद्र्याचाच खेळ. लोहार ह्या रंगांवरून उष्णता ओळखतो: पिवळ्यावर थांबविलें तर धार कठीण राहते, निळ्यापर्यंत नेलें तर हत्यार लवचिक होतें. युरोपांतील घड्याळजींनीं हीच रीत उचलून घड्याळांतले बारीक पोलादी स्क्रू तापवून निळे करण्याचा प्रघात पाडला, आणि उंची घड्याळांत ते निळे स्क्रू आजही पाहावयास मिळतात. तेव्हां रंगीत स्क्रू ही कालपरवांची टूम नव्हे, आणि त्याचा रंग हा लोहाराच्या भट्टीतल्या रंगांचाच दूरचा नातलग आहे.

आम्ही ह्या छंदाचे भाट नव्हों, म्हणून दुसरी बाजूही सांगणें प्राप्त आहे. स्क्रू बदलून वजन घटतें तें इतकें थोडें कीं खिशास त्याची जाणीवही होणार नाहीं. टायटॅनियम हलकें आणि चिवट खरें, पण पाणी दिलेल्या चांगल्या पोलादापुढें तें मऊच; पेचकस चुकीच्या मापाचा असेल तर स्क्रूचें डोकें खराब होतें, आणि टायटॅनियमच्या स्क्रूस टायटॅनियमच्याच आट्यांत जोरानें आंवळलें तर दोन्ही एकमेकांस चिकटून बसण्याचा संभव असतो. रंगाचा पापुद्रा पातळ असल्यानें वापरानें घांसून जातो. ज्यावर पातें फिरतें त्या आंसाचा विचार तर विशेष करावा, कारण तेथें घर्षण अधिक. सबब मूळचे स्क्रू जपून ठेवावेत, आटे जुळतात कीं नाहीं तें हातानें फिरवून आधीं पाहावें, आणि मगच पेचकस लावावा.

एवढें सांगून झाल्यावर आरंभींच्या प्रश्नाकडे येतों. ही चैन आहे काय? आहे, परंतु फिरंगीच्या मुठीवरील सोन्याची तार ज्या अर्थानें चैन होती त्याच अर्थानें. दूरच्या कारखान्यांत लाखोंनीं घडलेली, कोणाच्याही खिशांत तंतोतंत तशीच असणारी वस्तु हातीं आल्यावर ती माझी कशी होईल, हा प्रश्न शिलेदारापुढें होता आणि आजच्या तरुणापुढेंही आहे. दोघांनींही पातें तसेंच ठेवून जोड बदलला. फरक इतकाच कीं शिलेदारास कारागिराकडे जावें लागे. हा तरुण स्वतः पेचकस हातीं घेतो. ज्यानें एकदां चाकू सुटा करून पुन्हां जोडला त्यास ती वस्तु आंतून ठाऊक झाली. ढिली झाली म्हणून तो ती उकिरड्यावर टाकणार नाहीं. टाकण्याची संवय मोडण्यास लहानशा निळ्या स्क्रूनें प्रारंभ झाला तरी तो आम्हांस मोलाचाच वाटतो.

परंतु एका गोष्टीची खंत वाटल्यावांचून राहत नाहीं. पेचकसानें जोड उघडतां येतो. धार मात्र पेचकसानें लागत नाहीं. पोलादास पाणी कसें द्यावें, पिवळ्यावर थांबावें कीं जांभळ्यावर, हें ज्ञान पुस्तकापेक्षां घिसाड्याच्या डोळ्यांत अधिक आहे, आणि तयार मालाच्या रेट्यापुढें त्याची पालें आतां क्वचितच पडतात. त्याचीं मुलें शिकून दुसऱ्या धंद्यांत गेलीं तर त्यांत वाईट कांहीं नाहीं. वाईट हें कीं, आपण त्याच्याजवळ काय आहे तें विचारून न ठेवतांच तो उठून जात आहे. कर्जतच्या बाजाराच्या कडेला एखादी भट्टी अद्याप पेटत असेल तर रंगीत स्क्रूंच्या हौशी तरुणानें आपला चाकू घेऊन तेथें घटकाभर बसावें. विजेनें चढविलेला निळा रंग त्याच्या खिशांत आहेच; विस्तवानें चढणारा निळा रंग कसा ओळखावा आणि तो कोणत्या क्षणीं अडवावा, हें त्यानें तेथें शिकून घ्यावें. मग त्याच्या चाकूस नुसती शोभाच नव्हे, पाणीही येईल.